काशीरामचं स्वतःचं गाऱ्हाणं

देवीपुढे काशीरामची जीभ कधी अडखळली नाही. अडखळायची ती माणसांपुढे. एस.टी.त "बेल मारा" म्हणायला लाजणारा आणि मग पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? तो हाच.

आणि गंमत बघा, खेडपासून आत असलेल्या त्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराण्याचा. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी दारोदार फिरते, घरवाला पुढे नारळ ठेवतो, आणि काशीराम हात जोडून त्या घराच्या वतीने देवीशी बोलतो. कुणाच्या लेकीचं लग्न अडलंय, कुणाची भावकी कोर्टात गेलीय, सगळं तो असं मांडायचा की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. प्रत्येक वाक्यामागे गर्दी ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत तो कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, घरी बसला. बायको तुळसा लेकीच्या, ईशाच्या शाळेसाठी आधीच विरारला भावाकडे राहत होती. तिने फोनवर सांगून टाकलं, "शिमग्यापर्यंत बघा काय जमतंय. नायतर या इकडे. दादाच्या सोसायटीत वॉचमन पायजे." म्हणजे वाडीत आणखी एका घराला कुलूप. ह्या घराबाहेर काशीरामला झोप यायची नाही, खोटं कशाला बोला.

धंदा मात्र त्याच्या डोळ्यांसमोरच होता. निम्मी वाडी मुंबईला, घरं बंद. माकडं कौलं फोडतात, वासे वाळवी खाते, सणाला देवापुढे दिवा लागत नाही. ती घरं आपण सांभाळायची, महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे. त्यासाठी तो चिपळूणला उद्योजकांच्या शिबिरालाही जाऊन आला. टायवाले सर म्हणाले, "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. आधी समोरच्याशी नातं जोडा, मग माल सांगा." काशीरामने मान डोलावली. घरी येऊन आरशासमोर घोकलंसुद्धा. आरशाशी छान जमायचं.

शिमग्याला चाकरमानी आले, वाडी भरली. काशीराम पहिला गेला अजिंक्यकडे. लहानपणचा सोबती, आता ठाण्यात चांगल्या नोकरीला.

"काय रे काशा, बस ना!"

बसला. "गाडी कधी निघालेली?" विचारून झालं. "घाटात ट्रॅफिक होतं का?" तेही झालं. चहा झाला. सरांनी सांगितलेलं नातं तर जन्माचंच जोडलेलं होतं. त्यापुढे माल काही तोंडातून बाहेर येईना. "येतो मग," म्हणून उठला. असा तो घरोघर चहा पिऊन आला. पित्त तेवढं वाढलं.

पालखीला खांदा देणारा शेजारी विनीत हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "अरे येड्या, तुझ्या दारात पालखी येईल तेव्हा गाऱ्हाण्यातच घाल की! अख्खी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणेल. देवीसमोर हो म्हटल्यावर मागे कोण फिरतंय?"

काशीरामला ते पटलं. का पटणार नाही? त्याला बोलायची तीच एक जागा ठाऊक होती.

पालखी त्याच्या अंगणात आली. ओटी भरायला घरात बाईमाणूस नाही. नारळ त्यानेच ठेवला, हातही त्यानेच जोडले. "बा देवी म्हाराजा, आज तुझा हा चाकर स्वतःसाठी उभा हाय…"

"व्हय म्हाराजा!"

"हाताला काम नाय, घरात माणूस नाय. ह्या वाडीची बंद घरं मी लेकरासारखी सांभाळीन म्हणतो. मालकांनी आपापलं घर माझ्या हवाली करावं, नि मला हे दार सोडून जायची पाळी येऊ नये, असं तू कर गो माय!"

"व्हय म्हाराजा!" केवढा तो आवाज! काशीरामचा ऊर भरून आला. लगेच ढोल वाजले आणि पालखी पुढच्या दारी गेली. जाता जाता कुणीतरी पाठीवर थाप मारली, "झकास घातलंस हां यंदा!"

आणि कोणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तो दार उघडं टाकून ओट्यावर बसून राहिला. सगळ्यांनी देवीला हो म्हटलं होतं. त्याला कुणी हो म्हटलंच नव्हतं.

परतीच्या सकाळी अजिंक्य गाडीत सामान भरत होता. काशीराम समोर जाऊन उभा राहिला. अजिंक्य म्हणाला, "ऐकलं हां तुझं गाऱ्हाणं. देवी करेल सगळं बरं."

"हो," म्हणून काशीराम वळला. अंगणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत गेला. तिथे त्याला स्वतःचाच असा राग आला की तो तसाच उलटा फिरला.

"देवी काय करणार रे? घर बंद करून ठाण्याला देवी चाललीय का? तू चाललायस. घर तुझं, कौलं तुझी. मागल्या दाराचा वासा वाळवीने पोखरलाय, पावसात खाली बसेल. चावी दे. मी बघतो. फुकट नाय बघणार."

अजिंक्य बघतच राहिला. "अरे मग असं सरळ बोलायचंस ना! मला वाटलं, गाऱ्हाण्यात म्हणतात तसं म्हणालास." किती घेणार विचारलं. काशीरामने आकडा सांगितला, आवाज न कापता. चावी हातात आली.

मग काय, एकदा तोंड उघडलं ते उघडलं. दमयंतीकाकी, महिपतदादा अशा मुंबईकरांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत तो एकेका दारात उभा राहिला. काहींनी नाही म्हटलं, तेही त्याने ऐकून घेतलं. दुपारपर्यंत दोन्ही खिसे चाव्यांनी जड झाले. गाड्या गेल्या आणि वाडीत कुत्र्याला भुंकायलासुद्धा कारण उरलं नाही.

त्याने तुळसाला फोन लावला. "अगो, जमलं! घरं मिळाली!"

"म्हणजे तुम्ही नाय येत," ती म्हणाली. खोलीत जागा करून ठेवली होती म्हणे तिने, कपाटाचा एक कप्पासुद्धा रिकामा केला होता. ती त्याची वाट बघत होती, हे त्या खुळ्याला आत्ता कळलं.

"तू ये ना," तो म्हणाला. "ईशाची परीक्षा झाली की ये."

"तिथं आता राहिलंय कोण हो? दिवसभर मी बोलायचं कुणाशी?"

माझ्याशी! अरे, माझ्याशी म्हण ना बाबा! एवढा एक शब्द. सकाळपासून त्याने दारोदार जाऊन माणसं वळवली होती. पण ह्या बाईबरोबर इतकी वर्षं काढली, त्यात तो तिच्याशी किती बोलला होता, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

"हं," काशीराम म्हणाला. "ते पण खरंच."