एकटीचा गोतावळा

मी एक जुनी सोंडकिडी आहे, सोंडेसारख्या तोंडाची, झाडांवर जगणारी कीड. मित्रांनो, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्यातला एकही माझा मित्र नाही. मी दिसले की तुम्ही आधी चप्पल शोधता.

आमच्यात नर नाही. बाप, नवरा, सासरा ही भानगडच नाही. आई अंडी घालते, त्यांतून मुलीच निघतात, आणि वयात आल्या की त्याही कुणाची वाट न बघता अंडी घालतात. लहानपणी कुंडीच्या मातीत राहून मुळे खायची, मोठे झाल्यावर वर येऊन पाने कुरतडायची, हा आमचा संसार.

मी कुंपणावर सुखात होते. आत दोन जावांची दोन काचघरे होती, शेजारी शेजारी. वाटणी झाल्यापासून दोघींचे बोलणे बंद होते. धाकटीची रोपे हातोहात खपू लागली, तसे थोरलीच्या पोटात दुखू लागले. एका सकाळी तिने मला चिमटीत उचलले. हे काय चाललेय, असे तिच्या नवऱ्याने विचारले.

"एकच तर आहे. चार पानं कुरतडेल, तिचा तोरा उतरेल. एकटी काय करणार?"

तिने मला धाकटीच्या खिडकीतून आत टाकले.

मी उन्हाळाभर कुंडीमागून कुंडीत अंडी घातली. धाकटी पाने मायेने पुसायची, मुळांकडे मात्र तिने कधी बघितले नाही. थंडी सरताना रोपांनी माना टाकल्या. तिने खताला दोष दिला, पाण्याला दिला, मग नवऱ्याला धारेवर धरले. थोरलीला आता सारे कळत होते. कुंडी उपडी करून माती झटक, एवढेच सांगायचे होते. पण ते तुला कसे ठाऊक, असे कुणी विचारले असते तर?

शेवटी धाकटी नाक मुठीत धरून थोरलीच्या दारात आली. हातगाडीवर तिच्या उरलेल्या हिरव्यागार कुंड्या होत्या.

"ताई, माझ्याकडे कसलातरी रोग शिरलाय. एवढी रोपं तरी तुमच्याकडे ठेवा. तुमच्या हाताखाली जगतील."

त्या कुंड्यांत माझ्या मुली पोटभर जेवत होत्या, हे थोरलीने ओळखले. तोंड उघडावे तर अब्रू जाणार, मिटावे तर रोपे.

"ठेव," ती म्हणाली.

धाकटीने एकेक कुंडी जपून उचलली आणि थोरलीच्या रोपांत मांडली. मला दोघींचीही दया आली नाही.

तर मित्रांनो, झाडांची काळजी घेत जा. नुसती पाने पुसू नका, मुळेही बघा. नाही बघितलीत तरी आमची काही तक्रार नाही.