दिवा सकाळीच का लागतो

तक्रार:

इंजिन तापल्याचा लाल दिवा. महिन्यात चौथ्यांदा.

फोरमनने गॅरेजच्या कार्डावर एवढंच लिहिलं आणि पेन कानामागे खोचलं. "ताई, तुमच्या गाडीपुढे मी हात टेकले. पाइप बदलला, पंप बदलला. कूलंटच्या टाकीत हवा भरून दिवसभर ठेवली, थेंब गळला नाही. तुमच्या घरी गेली की हिला होतं तरी काय?"

"हिचं माहेर इथे ना," ती म्हणाली. "माहेरी आलं की दुखणं पळतं."

फोरमन हसला. तिला मात्र हसू आलं नाही. सातची पाळी, पुलावर दिवा, गाडी बाजूला. इंजिन थंड होईपर्यंत अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, मग बाटलीतलं कूलंट ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि लॅबमध्ये पोचून साहेबांची बोलणी खायची.

"अण्णांनाही आणलंय," ती हळूच म्हणाली. "घरी एकटं ठेवता येत नाही."

तपासणी:

अण्णा म्हणजे तिचे वडील आणि याच गॅरेजचे उस्ताद. फोरमनच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिलेला. दोन वर्षं झाली, त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. आणि जे निसटेल ते ती काढून घेत होती. आधी गॅसची शेगडी. मग, कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेले ते संध्याकाळी सापडले तेव्हा, घराची किल्ली. उरली होती ती गाडी. रोज सकाळी ती चहा टाकायची तेव्हा अण्णा खाली बॉनेट उघडून उभे असायचे. खिडकीतून त्यांची पाठ दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आता गॅरेजात अण्णा गाडीजवळ आले आणि तीच पाठ ताठ झाली.

"दिवा कधी लागतो?"

"पुलावर."

"कुठे नाही विचारलं. कधी?"

"सकाळी. कामावर जाताना."

"येताना?"

तिने आठवून पाहिलं. "येताना कधीच नाही."

"पूल तोच, गाडी तीच. येताना का नाही?" ते फोरमनकडे वळले. "गाढवा, हे विचारलंस का हिला? आधी पाने घेऊन धावायचं, मग डोकं चालवायचं. अजून तसाच आहेस."

पन्नाशीचा फोरमन कानापर्यंत लाल झाला. आणि खरं सांगायचं तर खूशही झाला. कितीतरी दिवसांनी उस्तादांनी त्याला ओळखून शिवी दिली होती.

अण्णांनी टाकीच्या गळ्याभोवती बोट फिरवलं. बोटाला वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली लागली.

"गळत नाहीये. उडतंय. झाकणाच्या कडेने वाफ होऊन जातंय." त्यांनी झाकण काढलं, परत बसवलं, कट् असा आवाज येईपर्यंत फिरवलं. "एवढं फिरवावं लागतं. रोज सकाळी कुणीतरी हे उघडतंय, आणि कधी कधी नुसतं टेकवून ठेवतंय. मग ही रस्त्यात कूलंट घालते, घट्ट लावते. तुझ्याकडे गाडी येते तेव्हा सगळं ठीक!"

दोष:

फोरमनने कानामागचं पेन काढलं. कार्डावर टेकवलं. तसंच ठेवलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही तिच्याकडे नाही.

"घरी गाडीला हात कोण लावतं?" अण्णांनी विचारलं. आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. "जो असेल त्याचा हात आधी बंद करा. लाड नकोत. एक दिवस इंजिन जाम होईल, आणि ही पुलाच्या मधोमध असेल."

फोरमन खाली पडलेले पाने गोळा करू लागला.

"अरे, विचारतोय मी!"

"मी, अण्णा," ती म्हणाली. "मीच उघडते."

ते तिच्याकडे बघत राहिले. "तू? उस्तादाची पोरगी, आणि तुला झाकण लावता येत नाही? नाक कापलंस माझं." मग जरा नरमले. "उद्यापासून हात लावायचा नाही. रोज मी बघेन."

"बरं."

उपाय:

अण्णा हात धुवायला गेले तसा फोरमन जवळ आला. "ताई, किल्ली लपवा. गाडी उघडलीच नाही तर बॉनेट कसं उघडतील? ऐकलंत ना, त्यांनी स्वतःच काय सांगितलं?"

"ऐकलं."

"मग?"

"शेगडी काढली तेव्हा आठवडाभर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. काही मागायचेही नाहीत." ती थांबली. "गाडी काढून घेतली तर कुठे उभे राहतील?"

फोरमनने कार्ड उलटं करून ठेवलं. उपायाची ओळ त्याने भरलीच नाही.

आता रोज सकाळी अण्णा बॉनेट मिटतात, त्यावर दोनदा थाप मारतात आणि म्हणतात, "जा. बघितलंय मी." ती हात हलवून निघते. वळणापलीकडे, फाटकातून दिसणार नाही अशा जागी, शिंप्याच्या बंद दुकानापाशी गाडी लावते आणि बॉनेट उघडते. आधी आठवड्यातून एखाद्या दिवशी असायचं, आता तीन-चार दिवस झाकण नुसतं टेकवलेलं असतं. ती ते कट् वाजेपर्यंत फिरवते, हात पुसते, निघते. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

ज्या दिवशी अण्णांनी झाकण स्वतःच घट्ट लावलेलं असतं, त्या दिवशी तिथून निघायला तिला जास्त वेळ लागतो.