दिवसातून तीन वेळा पाणी

कंपाउंडरांनी पस्तीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं भरली आणि तेवढ्या काळात एकाही पेशंटच्या पोटात थेंब जास्त गेला नाही की थेंब कमी. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस, दिवसातून तीन वेळा. निवृत्त झाल्यावर माणसाच्या सवयी सुटतात म्हणे. म्हणणाऱ्यांनी कंपाउंडर पाहिलेले नसतात.

गावाबाहेरच्या खडकाळ उतारावर त्यांची थोडी जागा होती. विहीर नाही, नळ नाही, जवळपास ओढाही नाही. मुलाचं म्हणणं, विकून टाका. बायकोचं म्हणणं, झाडं लावू. तिचा सगळा संसार दोन खोल्यांत झाला होता आणि खिडकीत एकच कुंडी मावायची. शेवटी मुलानं तोड काढली. "सहा महिने बघू. निम्मी झाडं जगली तर जागा ठेवा. नाही जगली तर आई, तू परत विषय काढायचा नाहीस."

आईनं कबूल केलं. पैज तिची, पाणी घालणारा नवरा. बाईचं धाडस मोठंच म्हणायचं.

एकवीस रोपं लावली. डाळिंब, लिंबू, चिंच. कंपाउंडरांनी वीस लिटरच्या कॅनवर एकवीस खाचांची पट्टी डकवली आणि तो कॅन स्कूटरवर पायाशी ठेवून चार किलोमीटर नेऊ लागले. सकाळी एक खेप, दुपारी एक, संध्याकाळी एक. दर खेपेला प्रत्येक रोपाला एक खाच पाणी, ना लाड, ना पंक्तिभेद.

"अहो, झाडांना खोकला झालाय का?" बायको विचारायची. "जेवणाआधी देता की जेवणानंतर?"

दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. कंपाउंडर नर्सरीवालीकडे गेले. तिनं पट्टीची हकीकत ऐकून कपाळाला हात लावला.

"काका, एकेकाला पोटभर पाजा आणि मग चार-पाच दिवस तिकडे फिरकू नका. ओल खाली गेली की मूळ तिच्यामागे जाईल. तुमचं पाणी वरच्या वर वाळतंय."

"पाच दिवसांचं औषध एका घोटात पाजलं तर पेशंटचं काय होतं, माहीत आहे का?"

"ते पेशंटचं. मी झाडाचं सांगतेय."

कंपाउंडर हसून परतले. शिकाऊ पोरीचं ऐकायचं नसतं, आणि चाळिशीच्या आतलं कुणीही त्यांच्या लेखी शिकाऊच होतं.

पाचवा महिना संपेतो सहा रोपं गेली. उरली पंधरा, तीही मान टाकलेली. आणि अशात एका सकाळी कॅन उचलताना कंपाउंडरांची कंबर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे गादीवरून हलायचं नाही म्हणून सांगितलं.

"झाडांचं काय?" ते कण्हत म्हणाले.

"मी आहे ना," बायको म्हणाली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते, पण हे बोलताना तिनं ते हिशेबात धरले नाहीत.

ओळखीच्या रिक्षावाल्याला तिनं रोज सकाळचं बांधून घेतलं. मागच्या सीटवर तीन कॅन, पुढे तिचं स्टूल. पण उतारावर पंधरा ठिकाणी चढ-उतर करणं तिच्या गुडघ्यांना झेपण्यासारखं नव्हतं. मग तिनं शेजारशेजारची तीन रोपं धरली, तिथं रिक्षावाल्याकडून कॅन उतरवून घेतले, स्टूल मांडलं, आणि मगानं सावकाश एकेका रोपाच्या आळ्यात अख्खा कॅन रिकामा केला. "आज तुमचा नंबर," ती रोपांना म्हणाली. "बाकीच्यांनी कळ काढा. माझेही पाय दुखतात."

दुसऱ्या दिवशी पुढची तीन. पाच दिवसांनी पहिल्यांची पाळी पुन्हा.

घरी कंपाउंडर रोज विचारायचे, "तीन वेळा ना?"

"तीन," ती म्हणायची. कॅन तीनच होते, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नव्हतं.

सहा महिने भरले त्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. तिघंही उतारावर पोचली. मुलानं मोजलं, मग परत मोजलं. चौदा जिवंत. अकरा पुरली असती, ही तीन जास्त. आणि नुसती जिवंत नाहीत, लिंबांना कोवळा फुटवा, डाळिंबांना तांबूस शेंडे.

"बाबा, झोपून राहून जमवलंत की!" मुलगा म्हणाला.

आता नुसतं हसून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण कंपाउंडर वाळलेल्या पंधराव्या रोपाशी वाकले होते. त्यांनी ते ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं वितभरसुद्धा खाली गेलेली नव्हती, मातीच्या वरच्या थरात जाळं करून पसरली होती. इवल्याशा पाण्याची वाट बघत ती तिथंच थांबली होती.

"खरं सांग," ते बायकोला म्हणाले, "किती वेळा घालत होतीस?"

"पाच दिवसांतून एकदा. गुडघे बघा की माझे."

कंपाउंडरांनी ते रोप बराच वेळ हातातून खाली ठेवलं नाही. मग मुलाकडे वळून म्हणाले, "माझ्या हातात राहिली असती तर एकही उरलं नसतं. जागा तुझ्या आईनं जिंकली."

मुलानं डिकीतला कॅन काढला आणि जवळच्या डाळिंबाकडे निघाला. उन्हानं त्याची पानं मलूल झाली होती.

"थांब," कंपाउंडरांनी त्याचा दंड धरला. "त्याचा नंबर मंगळवारी आहे."

"अहो बाबा, बघा ना कसं झालंय."

"दिसतंय मला. राहू दे तहानलेलं."

मुलगा कॅन परत ठेवायला गेला, तेव्हा कंपाउंडर हळूच दोन पावलं सरकून डाळिंबाच्या उन्हाच्या बाजूला उभे राहिले. सावली पुरती रोपावर पडेल असे, एक हात दुखऱ्या कमरेवर ठेवून.

बायकोनं स्टुलावरून ते पाहिलं आणि विचारलं, "अहो, सावली दिवसातून किती वेळा?"