ओल्या पंच्याची कबुली

मी एक जुना पंचा आहे, मित्रांनो. मूळचा पांढरा, आता रंग विचारू नका. विरारच्या पूर्वेला डोंगरापायथ्याशी फ्रेडरिकशेठची मोगऱ्याची वाडी आहे, तिथेच माझी हयात गेली. कामाला येणारी आशालता पहाटे कळ्या खुडायची आणि मला भिजवून टोपलीवर पांघरायची. कळ्या दादरच्या बाजारात टवटवीत पोचायच्या. शेठ माझं कौतुक करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

यंदा मार्चात डोंगराला वणवा लागला. दिवसा वारा धूर उडवून न्यायचा, पण पहाटे तो खाली उतरून वाडीत बसायचा. मोगरा तर पहाटेच खुडावा लागतो. शेठनी मला भिजवून आशालताच्या हातात दिलं.

"तोंडाला बांध. आमचे पप्पा हेच करायचे."

शेठ मनाने वाईट नाहीत. त्यांचा माझ्यावर खरंच विश्वास होता. माझाही होता.

दोन दिवसांत ती खोकायला लागली. बारीक धूर माझ्या विणीतून आरपार जात होता. मला ते कळत होतं आणि माझी मलाच लाज वाटत होती.

"शेठ, पंचा बांधून पन धूर घशात जातोय. छाती भरून येते," ती म्हणाली.

"नीट भिजव गो त्याला."

तिने आणखी पाणी ओतलं. मी तिच्या नाकाला चिकटलो आणि तिला श्वास घेणंही जड झालं.

सहाव्या दिवशी दादरहून टोपल्या परत आल्या. फुलांना धुराचा वास येतो, असा निरोप होता. शेठनी तेव्हाच तोडणी बंद केली. त्याच दुपारी आशालता विहिरीपाशी खाली बसली ती उठेचना. शेठनीच तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडासमोर धरलं. माझ्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"याने धूर अडत नाही. अशा दिवशी काम थांबवा. अगदीच थांबवता येत नसेल, तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क द्या."

शेठ मान खाली घालून म्हणाले, "ही चार दिवस सांगत होती. मला कळलं ते फुलं परत आल्यावर."

आता वाडीत मास्क आले आहेत. आशालता मात्र अजून विहिरीच्या चार पायऱ्या चढताना मध्येच थांबते.

मित्रांनो, मी फुलांपुरता बरा आहे. माणसाच्या श्वासासाठी माझ्यावर विसंबू नका. छाती भरून येते असं कुणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवा. टोपल्या परत येण्याची वाट बघू नका.