गियरबॉक्सचा खालचा प्लग

"विका हो ही फियाट एकदाची," असं मी वीस वर्षं ओरडत आले. पाहुण्यांसमोर ओरडले, भर रस्त्यात ओरडले, गाडी ढकलता ढकलताही ओरडले. आमच्या विलासरावांनी कधी कानावर घेतलं नाही. मग मार्चमध्ये त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. देवाच्या कृपेने बोलणं शाबूत राहिलं, चालणंही हळूहळू परत आलं. पण डाव्या हाताची पकड काही येईना आणि डावा पाय क्लचवर जोर धरीना. एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "नंदा, तुझंच खरं. विकून टाकतो गाडी."

जिंकले म्हणून मी पेढे वाटायला हवे होते. पण वाटले नाहीत. कारण त्या दिवसापासून हा बडबड्या माणूस गप्प झाला. पूर्वी माधव नगरात कुणाची गाडी कुठून खडखडते, हे जेवताना मला साग्रसंगीत ऐकवायचे आणि मी म्हणायची, "बस हो आता!" आता निमूट दोन पोळ्या खायचे आणि उठायचे. गाडी गेली की हे कायमचे असेच होणार, या भीतीने मला झोप येईना. पण बोलणार कुठल्या तोंडाने? वीस वर्षं मीच घसा फोडला होता ना!

गिऱ्हाईक मिळालं इंदूरचं. अनिकेत नावाचा मुलगा, जुन्या गाड्यांचा शौकीन. रविवारी अकराला येणार होता. तर आमच्या साहेबांचं म्हणणं, गियरबॉक्सचं तेल बदलल्याशिवाय गाडी दाखवायची नाही.

"मग मेकॅनिकला बोलवा."

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही मला."

"अहो, पण तुमचा हात..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. त्यांची एक जुनी पँट चढवली आणि म्हटलं, "सांगा काय करायचं ते."

शेजारच्या सुमीतने गाडी टावर चौकापर्यंत फिरवून आणली. गरम झालं की तेल पातळ होतं म्हणे, भराभर निघतं. मग त्याने पुढची चाकं लाकडी उतारांवर चढवली, मागच्यांना विटा लावल्या आणि "हो जाएगा काकी!" म्हणून पसार झाला. मी सतरंजी अंथरून गाडीखाली शिरले. विलासराव बाहेर स्टुलावर बसले.

"दिसला हो एक बोल्ट!"

"तो इंजिनाचा. त्याला हात लावलास तर बघ! मागे सरक. आत दोन सीटांच्या मधे गियरचा दांडा आहे ना, बरोबर त्याच्या खाली ये."

"इथे काहीच नाही. सगळं काळं कुळकुळीत."

"काळं म्हणजे?"

"काळं म्हणजे काळं! डांबर फासल्यासारखं!"

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर दसऱ्याला गाडीला हार-कुंकू झालं की हे खाली शिरायचे आणि गंज लागू नये म्हणून पोटाला काळा रंग फासायचे. बावीस दसरे! तेल सोडायचा प्लगसुद्धा रंगवून टाकला होता.

"म्हणजे गियरबॉक्स तुम्ही एकदाही उघडला नाही?"

"त्याला काही होत नसतं गं."

"आणि प्लग उघडायची ती चौकोनी किल्ली?"

ती किल्ली दर खंडेनवमीला पाटावर बसायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि परत पेटीत जायची. बावीस वर्षांत कामाला एक दिवस नाही.

"धन्य आहात!" मी म्हटलं. "उलथनं द्या इकडे, डोशाचं."

उलथन्याने खरवडत गेले तसे पापुद्रे निघत गेले आणि शेवटी बोटाला चौकोनी खड्डा लागला. मी किल्ली घालणार तोच वरून आवाज आला, "थांब! आधी बाजूचा वरचा प्लग उघड. तेल तिथून भरतात. खालचा उघडून तेल सांडलंस आणि वरचा जाम निघाला, तर भरणार कुठून?" हे मात्र मला पटलं. वरचा कुरकुरत उघडला. खालचा हलेचना.

"कुठल्या बाजूला फिरवतेयस?"

"बरणीचं झाकण उघडते तशी!"

"बरणी पालथी आहे असं समज. तू खालून बघतेयस ना? आता तुझ्या डावीकडे ने."

नेली. कट्‌ असा आवाज झाला आणि प्लग ढिला झाला. पुढचं बोटांनीच फिरवलं. काळं, घाण वासाचं तेल भसकन घमेल्यात पडलं, थोडं कोपरावरून बगलेपर्यंत आलं, पण प्लग माझ्या मुठीत होता.

"निघाला!" मी ओरडले.

खालून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. ते स्टुलावरून उठून, डावी चप्पल घासत, गाडीभोवती हळूहळू फिरत होते. ड्रायव्हरच्या दारापाशी थांबले. किती तरी वेळ तिथेच. नाक ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात फोन वाजला, अनिकेत टावर चौकात पोचला होता.

मी प्लग पँटच्या खिशात टाकला.

पुढचा तासभर आम्ही तिघे प्लग शोधत होतो. अनिकेत बिचारा पांढऱ्या शर्टानिशी सतरंजीवर लोळला, घमेल्यातल्या तेलात हात घातला, नालीत काठी फिरवली. "काकू, नक्की इथेच पडला?" मी नुसती मान हलवली. प्लगशिवाय तेल भरता येईना आणि तेलाशिवाय गाडी चालवून बघता येईना. शेवटी विलासरावच म्हणाले, "राहू दे बाळा. मिळाला की फोन करतो." त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

फाटक लागल्याबरोबर त्यांनी उजवा हात पुढे केला. "दे."

"काय?"

"नंदा, लग्नाला अडतीस वर्षं झाली. तू तासभर तोंडातून अक्षर काढत नाहीस तेव्हा काहीतरी दडवलेलं असतं."

मग माझा बांध फुटला. "नाही द्यायची गाडी! तुम्ही जेवताना बोलत नाही, मला घास जात नाही! खडखडू दे, ढकलू आपण!"

"अगं, पण चालवणार कोण?"

"मी चालवीन."

"तुला गियर टाकता येतो?"

"नाही!"

त्यांनी माझ्या तेलकट तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "आधी प्लग लाव. घट्ट. उरावर बसल्यासारखा दाबू नकोस, आटे जातील."

आठ दिवसांत माझं लर्निंग लायसन्स आलं. सकाळी सहाला सुमीतने गाडी रिकाम्या मैदानात नेऊन ठेवली आणि मी उजवीकडे बसले. विलासराव जन्मात पहिल्यांदा डावीकडे बसले. आणि बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं, गियरचा दांडा आता त्यांच्या चांगल्या हाताशी होता.

"दाब," ते म्हणाले.

मी क्लच दाबला. त्यांनी पहिला गियर टाकला.

"सोड. हळू. अगं हळू, बाई!"

गाडी चालली. ते बोलायला लागले ते घरी पोचेपर्यंत थांबले नाहीत, आणि मी एकदाही "बस हो आता" म्हटलं नाही.