आषाढातली तपासणी

बसवनगुडीतल्या क्षयरोग संशोधन केंद्रात डॉक्टर पाच, आकडेतज्ज्ञ एक आणि या सगळ्यांची मोट बांधणारी हेमलता बेनाडीकर एकटी. जीप कुठल्या गावी कधी जायची, कुणाच्या थुंकीची डबी कुणी आणायची, सगळं तिच्या डोक्यात. नेमणूक मात्र हंगामी. १९६२चा सप्टेंबर संपला की निपाणीला भावाच्या दारात. ‘मागची खोली रिकामी करून ठेवते,’ असं वहिनीने कळवलंही होतं. ते पत्र हेमलताने दुसऱ्यांदा उघडलं नव्हतं.

आनेकल तालुक्यातले दोनशे चाळीस रुग्ण वर्षभर घरीच गोळ्या घेत होते. इस्पितळात न ठेवता क्षय बरा होतो का, ते पाहायचं होतं. शेवटच्या तपासणीत चोवीसपेक्षा जास्त रुग्ण हुकले, तर वर्षाची मेहनत पाण्यात. केंद्राचे प्रमुख डॉ. नरसिंहराव यांनी ही तपासणी जुलैत ठेवली.

“सर, जुलैत आषाढ आहे,” हेमलता म्हणाली. “नव्या सुना माहेरी जातात. आधी उरकलं तर?”

“बाई, जंतूंना पंचांग कळत नाही!”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. कपाटाशी उभी असलेली हेमलताही हसली. न हसून करते काय?

संध्याकाळी तिने गावोगाव फिरणाऱ्या नर्सला, यल्लव्वाला गाठलं. “तरण्या बायकांच्या कार्डामागे माहेरचं गाव लिहून घ्या. पेन्सिलीने.”

“सासू इचारली तर काय सांगू, अक्का?”

“काही सांगू नका. माहेरचा विषय काढा. पुढचं त्याच बोलतील.”

जुलैत चौतीस जण हुकले. आकडेतज्ज्ञ बिंदुमाधवने पेन्सिल खाली ठेवली. “संपलं, सर.” नरसिंहरावांचं तोंड एवढंसं झालं.

हेमलताने हुकलेल्यांतली सत्तावीस कार्डं काढून टेबलावर पालथी मांडली. कनकपुरा, मागडी, होसूर. प्रत्येकीचं माहेर पेन्सिलीने लिहिलेलं.

नऊ दिवस जीप धावली. होसूरजवळ एकीने आजार माहेरीही लपवला होता. हेमलता सासरच्या नात्यातली म्हणून तिथे चहाला बसली आणि डबी पदराआड घेऊन आली. मागडीची पोर मात्र आठवड्यापूर्वीच वारली होती. तिच्या नावाची डबी हेमलताने रिकामीच परत आणली. त्या दिवशी तिला सगळ्या आकड्यांचा संताप आला. पण सत्ताविसांतल्या पंचवीस जणी सापडल्या आणि अभ्यास तरला.

ऑगस्टमध्ये कायम होणाऱ्यांची यादी लागली. पहिलं नाव बिंदुमाधवचं. हेमलताचं शेवटपर्यंत नव्हतं. तिने निपाणीला पोस्टकार्ड लिहिलं, ‘सप्टेंबरअखेर येते’, आणि टाकायचं म्हणून पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यास तपासायला दिल्लीची समिती आली. हेमलता नेहमीप्रमाणे कपाटाशी उभी.

“इतकी चोख तपासणी!” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “वेळापत्रक कुणाचं?”

नरसिंहराव उठले. “माझं. आणि ते चुकलं होतं. या बाईंनी आधीच बजावलं होतं, मी हसण्यावारी नेलं. जंतूंना पंचांग कळत नाही, पण रोग्यांना कळतं. हा अभ्यास यांच्यामुळे उभा आहे. यादीत यांचं नाव घातलं नाही, तीही माझीच चूक.”

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या. हेमलताला कुठे बघावं कळेना. डोळे भरून आले, त्याची तिला लाजच वाटली.

चार दिवसांनी नरसिंहरावांनी तिला बोलावून एक कागद पुढे केला. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक. वर टाइप केलेलं, ‘मुख्य संयोजक: हेमलता बेनाडीकर (कायम)’. खाली गावं होती, रुग्णांचे आकडे होते. तारखांचा रकाना कोरा.

“तारखा तुम्ही घाला. मी सही करतो.”

“सर, आधी बघणार नाही?”

“मी बघितलेल्या तारखांचं काय झालं, पाहिलंत ना? बसा आता.”

त्या टेबलाशी हेमलता पहिल्यांदाच बसली. पर्समधलं कार्ड काढून तिने ‘येते’ खोडलं आणि लिहिलं, ‘वहिनी, मागच्या खोलीत खुशाल धान्य भरा.’ मग पंचांग उघडून आधी आषाढावर काट मारली.