मधल्या खोलीच्या विहिरी

बी-श्याने आकडेमोडीच्या यंत्राची मूठ शेवटची फिरवली आणि उत्तर वाचलं: ०.०३. तैवानच्या किनाऱ्यावरच्या बासष्ट विंधन विहिरी. एका रकान्यात विहिरीची खोली, दुसऱ्यात तिचं पाणी पिणाऱ्या दर शंभर जणांत अंगावर काळे डाग उठलेले किती. खोली वाढेल तसे डाग सरळ वाढतात किंवा घटतात का, एवढंच तपासायचं होतं. उत्तर तर शून्याला चिकटलेलं, म्हणजे संबंध नाहीच.

तिचा जीव भांड्यात पडला. नोकरीपायी तिने सहा वर्षांच्या लेकीला, युन-युनला, गावी आईकडे ठेवलं होतं. तिथली पाहणी अजून व्हायची होती.

“उगाच धसका घेतला होतास,” आरोग्य कचेरीचे को साहेब म्हणाले. “विहिरींचा काही संबंध नाही. लिही अहवाल, आजच धाडू. पिऊ देत लोकांना सुखाने पाणी.”

“साहेब, एकदा ठिपके मांडून बघते.”

“आकडा हातात असताना चित्रं कसली काढतेस? पोरखेळ!”

पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती. तिने चौकटीचा कागद ओढला. उथळ विहिरींचे ठिपके तळाशी बसले. फार खोल विहिरींचेही तळाशीच. मधल्या, शंभर ते दीडशे मीटरच्या विहिरींचे मात्र वर चढत गेले. कागदावर चक्क डोंगर उभा राहिला. त्याच्या चढाने आणि उताराने एकमेकांना खाऊन टाकलं होतं, म्हणून हिशेबात काहीच उरलं नव्हतं. सरळ रेषच शोधत बसलं तर डोंगर दिसणार कसा?

गावी बाबांनी विहीर पाडली होती एकशे वीस मीटर खोल. बी-श्या कागद घेऊन साहेबांच्या टेबलाशी धावली. को साहेबांनी तो पाहिला आणि फोन तिच्यापुढे सरकवला.

गावात फोन एकच, वाणसामानाच्या दुकानात. दुकानदार आईला बोलवायला गेला. तो वेळ सरता सरेना.

“काय गं, भर दुपारी? कुणी गेलं का?”

“आई, युन-युनला विहिरीचं पाणी देऊ नकोस. थेंबही नाही.”

“वेड लागलंय का तुला! गोड म्हणून अख्खी आळी नेते तुझ्या बाबांच्या विहिरीचं.”

“आई, ऐक. तिच्या अंगावर डाग आहेत का?”

“डाग कसले! पाठीवर मळ साचलाय नुसता,” आई हसली. “आठवडाभर वाळल्या घोसाळ्याने घासतेय. कार्टी रडून घर डोक्यावर घेते, पण निघतच नाही बघ.”